एक्सई केल्यावर सेटिंग जातात कुठे? डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये ज्याची त्याची सेटिंग जपायची रीत

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात हिशोबपट्टीचा प्रोग्रॅम बसवला आहे असं धरा. बनवणाऱ्याच्या मशीनवर तो व्यवस्थित चालला होता. दुकानात मात्र दिवाणजी रोज सकाळी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर निवडतात, प्रती एकाच्या दोन करतात, अक्षर मोठं करतात आणि कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रोग्रॅम कुठलीही चूक दाखवत नाही, नुसता विसरतो.

बहुतेक वेळा कारण असं निघतं की प्रोग्रॅम सेटिंगची फाइल स्वतःच्या शेजारी लिहायला जातो आणि विंडोज ती लिहू देत नाही. मग कोणीतरी फाइल दुसरीकडे हलवतं. आठवड्याने मालक त्याच मशीनवर बसतात आणि दिवाणजींचा प्रिंटर बदलून जातो. म्हणजे फाइल कुठे ठेवायची हा नंतरचा प्रश्न आहे. ही सेटिंग कोणाची, हे आधी ठरवावं लागतं.

(फोल्डरची आणि फंक्शनची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये ती रोमन लिपीत आणि एकसलग येतात. एक्सई म्हणजे प्रोग्रॅमची चालवायची फाइल. उदाहरणं विंडोजवरची, डॉटनेट आणि पायथनमधली आहेत.)

कोड उघडण्याआधी कागद घ्या

प्रोग्रॅममध्ये जे जे बदलता येतं त्याची यादी करा आणि प्रत्येकापुढे एक शब्द लिहा: माणूस, मशीन किंवा पेढी.

अक्षराचा आकार, कर्सर आधी गावाच्या रकान्यात जावा की शेतकऱ्याच्या नावात, यादीतले कुठले रकाने दिसावेत, खिडकीचा आकार हे सगळं माणसाचं. इलेक्ट्रॉनिक काटा कुठल्या कॉम पोर्टला (सीरियल जोडणीला) आहे आणि त्याचा बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) किती हे मशीनचं, कारण दिवाणजी बदलले तरी काटा तिथेच राहतो. हमाली-तोलाईचे दर, पट्टीवरचं पेढीचं नाव, चालू आर्थिक वर्ष हे पेढीचं. ते डेटाबेसमध्येच जायला हवं, आणि दर तर 'या तारखेपासून लागू' अशा तारखेसकट. हमालीचा दर चुकून माणसाच्या सेटिंगमध्ये गेला, तर एकाच शेतकऱ्याच्या दोन पट्ट्यांवर दोन हमाल्या छापल्या जातील. जुनी पट्टी पुन्हा छापताना नवा दर लागला तरी तोच घोटाळा.

प्रिंटरवर मात्र वाद होतो. तो जोडलेला असतो मशीनला, पण निवड माणसाची असते: दिवाणजींना पट्टीसाठी डॉट मॅट्रिक्स लागतो, मालकांना अहवालासाठी लेझर. म्हणून तो 'या माणसाचा, या मशीनवर' असा ठेवा. त्यातही पट्टीचा प्रिंटर वेगळा आणि अहवालाचा वेगळा. एकच रकाना ठेवला की दुसऱ्या दिवसापासून तक्रार सुरू होते.

आता यार्डातली खरी परिस्थिती बघा. बऱ्याच दुकानांत विंडोजचं लॉगिन एकच असतं आणि त्यावर तिघं काम करतात. विंडोजने प्रत्येक वापरकर्त्याला दिलेलं वेगळं फोल्डर इथे काही कामाचं नाही, कारण विंडोजला तिघं मिळून एकच माणूस दिसतो. अशा ठिकाणी प्रोग्रॅमचं स्वतःचं लॉगिन हवं आणि त्याच्या क्रमांकावरून फाइल हवी: वापरकर्ता-७ ची वेगळी, ८ ची वेगळी. नावावरून फाइल करू नका. नाव दुरुस्त होतं, आणि दोन पाटील कुठल्याही दुकानात सापडतात.

माणसं जागा बदलत असतील, म्हणजे आज गल्ल्यावर बसणारा उद्या काट्यावर, तर त्यांच्या सेटिंग डेटाबेसमध्ये ठेवणं सोयीचं. वापरकर्ता क्रमांक, मशीनचं नाव, सेटिंगचं नाव आणि मूल्य अशा चार रकान्यांचा तक्ता पुरतो. सगळ्या मशीनना लागू असणाऱ्या सेटिंगसाठी मशीनचा रकाना मोकळा सोडायचा. तरीही एक छोटी फाइल मशीनवर लागतेच, कारण डेटाबेस कुठे आहे ही सेटिंग काही डेटाबेसमध्ये ठेवता येत नाही.

जागा: कोणाचं काय कुठे

प्रोग्रॅम फाइल्स हे फोल्डर साध्या वापरकर्त्याला फक्त वाचण्यापुरतं असतं. एक्सई तिथे बसली की तिच्या शेजारी काही लिहायचं नाही, हा नियम धरून चला. माणसाची सेटिंग त्याच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये जाते. त्यात रोमिंग आणि लोकल असे दोन भाग आहेत. कंपनीच्या सर्व्हरवर रोमिंग प्रोफाइल असेल तर रोमिंगमधल्या फाइली माणसाबरोबर दुसऱ्या मशीनवर जातात, लोकलमधल्या जात नाहीत. अक्षराचा आकार रोमिंगमध्ये चालेल. प्रिंटरचं नाव आणि खिडकीची जागा लोकलमध्येच हवी. एकट्या दुकानात फरक पडत नाही, तरी सवय बरी. मशीनची सेटिंग सी ड्राइव्हवरच्या प्रोग्रॅमडेटा फोल्डरमध्ये जाते.

हा मार्ग कोडमध्ये हाताने लिहू नका. डॉटनेटमध्ये एन्व्हायर्नमेंट.गेटफोल्डरपाथला ॲप्लिकेशनडेटा, लोकलॲप्लिकेशनडेटा किंवा कॉमनॲप्लिकेशनडेटा यांपैकी एक द्या. पायथनमध्ये प्लॅटफॉर्मडर्स ही लायब्ररी आहे. तिला नुसतं प्रोग्रॅमचं नाव दिलं तर विंडोजवर तेच नाव दोनदा येतं, 'पट्टी' आत पुन्हा 'पट्टी'. ॲपऑथर या जागी फॉल्स दिलं की एकदाच येतं. लिनक्सवर हीच फाइल घरच्या फोल्डरातल्या .कॉन्फिगमध्ये जाते, मॅकवर लायब्ररीतल्या ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये. लायब्ररी वापरली की ते आपोआप सांभाळलं जातं.

प्रोग्रॅमडेटामध्ये एक खोच आहे. तिथे साधा वापरकर्ता नवी फाइल करू शकतो, पण दुसऱ्याने केलेली फाइल बदलू शकत नाही. काट्याचा पोर्ट पहिल्यांदा मालकांच्या लॉगिनमधून भरला गेला, तर दिवाणजींच्या लॉगिनमधून तो वाचता येतो पण बदलता येत नाही. उपाय इन्स्टॉलरमध्ये आहे: आपलं उपफोल्डर इन्स्टॉलरनेच तयार करावं आणि त्यावर सगळ्या वापरकर्त्यांना बदलाची परवानगी द्यावी. इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवायच्या साधनात डर्स विभागातल्या त्या ओळीला यूजर्स-मॉडिफाय लिहिलं की झालं. परवानगी फक्त आपल्या उपफोल्डरला द्या, आणि त्यात एक्सई किंवा डीएलएल (प्रोग्रॅमच्या कोडची जोडफाइल) ठेवू नका. कोणीही बदलू शकेल अशा जागी चालणारी फाइल ठेवणं म्हणजे दार उघडं टाकणं.

इन्स्टॉलरने माणसाच्या फोल्डरला मात्र हातही लावू नये. तो ॲडमिनच्या अधिकाराने चालतो. दिवाणजींच्या लॉगिनमध्ये असताना बसवणाऱ्याने ॲडमिनचा पासवर्ड टाकला, तर इन्स्टॉलरला दिसणारं ॲपडेटा ॲडमिनचं असतं, दिवाणजींचं नव्हे. फाइल लिहिली जाते, पण भलत्याच घरात. माणसाची फाइल प्रोग्रॅमनेच पहिल्यांदा चालू झाल्यावर तयार करायची.

'काल चालत होतं' याचं एक उत्तर

३२ बिटच्या, मॅनिफेस्ट (प्रोग्रॅमला कुठले अधिकार लागतात हे सांगणारी नोंद) नसलेल्या जुन्या प्रोग्रॅमना विस्टापासून विंडोज एक सवलत देतं. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला गेले की नकार न देता ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये वळवली जाते. प्रोग्रॅमला वाटतं आपण शेजारीच लिहिलं. दोन लॉगिन असतील तर एकाच फाइलच्या दोन वेगळ्या प्रती तयार होतात, आणि एक्सप्लोररमध्ये मूळ जागी बघणाऱ्याला तिसरीच, जुनी प्रत दिसते.

मग कोणीतरी प्रोग्रॅम ६४ बिटमध्ये बिल्ड करतं किंवा मॅनिफेस्ट जोडतं. सवलत बंद होते, लिहिणं थेट नाकारलं जातं आणि आधीच्या सेटिंगही दिसेनाशा होतात. त्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये पडून असतात. नव्या आवृत्तीने पहिल्या वेळी तिथे डोकावून जुनी फाइल सापडली तर उचलावी. दहा ओळींचं काम आहे आणि दिवाणजींचे शिव्याशाप वाचतात.

यावर 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' असा टिकमार्क करून देणं हा फार पसरलेला आणि चुकीचा इलाज आहे. तसं चालवल्यावर वापरकर्त्याने जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह सहसा दिसत नाहीत. डेटाबेस झेड ड्राइव्हवर असेल तर सेटिंग सापडतात आणि डेटा हरवतो.

डॉटनेटची तयार सोय: किती विसंबायचं

व्हिज्युअल स्टुडिओत प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये सेटिंग्जचा तक्ता असतो: नाव, प्रकार, स्कोप, मूल्य. स्कोप ॲप्लिकेशन असेल तर चालू प्रोग्रॅममधून मूल्य बदलता येत नाही, फक्त वाचता येतं. स्कोप यूजर असेल तर बदलता येतं, पण सेव्ह बोलावल्याशिवाय डिस्कवर काही जात नाही. व्हीबी डॉटनेटमध्ये बंद होताना आपोआप सेव्ह करायचा एक टिकमार्क आहे. सी शार्पमध्ये नाही. व्हीबीवरून सी शार्पवर आलेल्याचं पहिलं अडखळणं हेच. शिवाय सेव्ह फक्त खिडकी बंद होण्याच्या वेळी ठेवू नका. वीज गेली की ती वेळच येत नाही. सेटिंगच्या खिडकीत 'ठीक' दाबताक्षणी लिहा.

फाइल जाते ॲपडेटा, लोकलमध्ये: कंपनीचं नाव, मग प्रोग्रॅमचं नाव आणि त्याला चिकटलेली अक्षरांची लांब माळ, मग आवृत्तीचा चार भागांचा क्रमांक, आणि आत यूजर.कॉन्फिग. ती माळ म्हणजे हॅश (गणिताने काढलेली खूण), आणि प्रोग्रॅमवर स्ट्राँग नेमची (डॉटनेटमधली डिजिटल) सही नसेल तर तो एक्सईच्या मार्गावरून निघतो. एक्सई डेस्कटॉपवरून डी ड्राइव्हवर हलवली की हॅश नवा, फोल्डर नवं, सेटिंग कोऱ्या. सही केली तर मार्ग बदलूनही हॅश तोच राहतो. म्हणून पेन ड्राइव्हवरून एक्सई कॉपी करून 'अपडेट' देणाऱ्यांनी एक तर सही करावी, नाही तर जागा कधीच बदलू नये.

आवृत्तीचा क्रमांक हा दुसरा सापळा. १.०.०.० चं १.१.०.० झालं की नवं फोल्डर. असेंब्लीच्या (बिल्ड झालेल्या फाइलच्या) आवृत्तीत शेवटी चांदणी (*) टाकलेली असेल तर क्रमांक आपोआप बदलत राहतो आणि जवळजवळ प्रत्येक बिल्ड कोऱ्या सेटिंग घेऊन उघडते. उपाय ठरलेला आहे:

१. यूजर स्कोपची एक बूलियन सेटिंग करा, नाव 'अपग्रेडहवं', मूळ मूल्य ट्रू.
२. प्रोग्रॅम सुरू होताच, दुसरी कुठलीही सेटिंग वाचण्याआधी, ती तपासा.
३. ट्रू असेल तर अपग्रेड बोलवा, ती फॉल्स करा, सेव्ह करा.

अपग्रेड मागच्या आवृत्तीच्या फोल्डरमधून मूल्यं आणतं, पण त्याच हॅशखालचं. जागाही बदलली आणि आवृत्तीही, तर त्याला काही सापडत नाही.

फाइल अर्धवट लिहिली गेली तर सेटिंगला पहिला हात लागताच कॉन्फिगरेशनएरर्सएक्सेप्शन ही चूक येते. पहिला हात नेमका कुठे लागतो ते शोधून ठेवा. पुष्कळदा तो मुख्य खिडकीच्या कन्स्ट्रक्टरमध्ये (खिडकी तयार करणाऱ्या कोडमध्ये) असतो आणि प्रोग्रॅम काही न दाखवताच बंद होतो. एक्सेप्शनमध्ये, कधी त्याच्या आतल्या एक्सेप्शनमध्ये, खराब फाइलचा मार्ग मिळतो. तिचं नाव बदलून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. फाइल पुसू नका, पुढे तपासायला लागते.

पाच-दहा सेटिंग, एक माणूस, एक मशीन एवढ्याला ही सोय छान. एका विंडोज लॉगिनवर तिघं असतील तर स्वतःची फाइल लिहिणंच सरळ.

पायथनची एक्सई: फाइल लिहिली जाते आणि मरते

पायइन्स्टॉलर या साधनाने वनफाइल (सगळं एकाच फाइलमध्ये) पद्धतीने केलेली एक्सई चालू झाली की स्वतःला टेम्पमधल्या _एमईआय नावाने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये उलगडते आणि नीट बंद होताना ते फोल्डर पुसते. कोडमध्ये सेटिंगचा मार्ग __फाइल__ (चालू कोडफाइलची जागा) वरून काढला असेल, आणि बहुतेकांनी तसाच काढलेला असतो, तर एक्सई झाल्यावर तो मार्ग त्या तात्पुरत्या फोल्डरचा होतो. सेटिंग बिनचूक लिहिली जाते, दिवसभर बरोबर वाचली जाते आणि संध्याकाळी फोल्डरसकट जाते. सगळा दिवस सगळं बरोबर दिसतं, म्हणून हे शोधायला त्रास होतो. त्या फोल्डरमधून फक्त सोबत बांधलेल्या वस्तू वाचा: आयकॉन, मूळ सेटिंगची फाइल, पट्टीचा नमुना. लिहायचं ते ॲपडेटामध्ये.

आणखी एक चकवा, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून पायथन घेतलेल्यांसाठी. त्या पायथनमधून प्रोग्रॅम चालवताना ॲपडेटामध्ये लिहिलेली नवी फाइल स्टोअर पॅकेजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये वळवली जाते. कोड म्हणतो फाइल आहे, एक्सप्लोरर म्हणतो नाही, आणि दोघंही खरं बोलतात. पायथन डॉट ऑर्गवरून घेतलेला पायथन वापरा, गोंधळ मिटतो.

फाइलमध्ये काय लिहायचं

फक्त माणसाने बदललेलं. हा लेखातला सगळ्यात कामाचा सल्ला आहे. बहुतेक प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी चाळीसच्या चाळीस सेटिंग फाइलमध्ये ओततात. पुढच्या आवृत्तीत तुम्ही मूळ अक्षर ९ वरून ११ केलं, तरी जुन्या वापरकर्त्याच्या फाइलमध्ये ९ लिहिलेलं आहे. त्याने ते निवडलं होतं की आपोआप आलं होतं, हे आता कोणी सांगू शकत नाही.

त्यापेक्षा थर करा. सगळ्यात खाली प्रोग्रॅममध्ये बांधलेली मूळ मूल्यं, त्यावर मशीनची, त्यावर माणसाची. वाचताना वरून खाली यायचं. जिथे पहिल्यांदा सापडेल ते घ्यायचं. 'मूळ सेटिंग परत आणा' हे बटण मग फार सोपं होतं: माणसाच्या फाइलमधली ती ओळ काढून टाकायची. दिवाणजींची फाइल एवढीच उरते:

{
  "स्वरूप": 3,
  "अक्षर": 14,
  "पट्टी_प्रिंटर": "काउंटर डॉट मॅट्रिक्स",
  "पट्टी_प्रती": 2
}

जेसनमध्ये (वरच्या फाइलच्या मांडणीत) नावं देवनागरीत चालतात, पण आकडे अवतरणाबाहेर असतील तर इंग्रजीच (1, 2, 3) हवेत. कोणी नोटपॅडमध्ये मराठी कीबोर्डवरून २ टाकला तर वाचणारा तिथेच अडतो.

मराठी मजकुरासाठी पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. न लिहिल्यास विंडोजचं स्थानिक कोडपेज (अक्षरांचा मर्यादित संच) घेतलं जातं आणि पहिलंच देवनागरी अक्षर लिहिताना प्रोग्रॅम पडतो. जेसन.डंपला एन्शुअर-ॲस्की फॉल्स द्या, म्हणजे फाइल उघडणाऱ्याला अक्षरंच दिसतील. वाचताना यूटीएफ-८-सिग वापरा: विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीआधीचं नोटपॅड यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करताना सुरुवातीला बॉमचे (एन्कोडिंगच्या खुणेचे) तीन बाइट घालायचं, आणि साध्या यूटीएफ-८ ने वाचलेला मजकूर जेसन त्यावरून नाकारतो.

'स्वरूप' हा आकडा पुढच्यासाठी आहे. कधीतरी 'प्रिंटर' या एका नावाचे 'पट्टी_प्रिंटर' आणि 'अहवाल_प्रिंटर' असे दोन होतात. तेव्हा २ वरून ३ वर नेणारं छोटं फंक्शन लिहा, आणि १ ची फाइल आली तर आधी १ ते २, मग २ ते ३. न ओळखलेली नावं फेकू नका, तशीच परत लिहा. नवी आवृत्ती पसंत न पडून दुकानदार जुनीवर परत जातो, तेव्हा नव्या सेटिंग जपलेल्या असतात.

तारखा आणि दशांश प्रोग्रॅमच्या ठरलेल्या रूपात लिहा, मशीनच्या प्रादेशिक मांडणीत नको. 03-04-2025 हे भारतीय मांडणीवर ३ एप्रिल, अमेरिकन मांडणीवर ४ मार्च. यात महिनाच काय, आर्थिक वर्षही बदलतं. महिन्याचे पहिले बारा दिवस ही चूक मुकाट चालते. तेराव्या दिवशी, तेरावा महिना नसल्यामुळे, प्रोग्रॅम पडतो. 2025-04-03 असं लिहा; डॉटनेटमध्ये इन्व्हेरियंट कल्चर (मशीनप्रमाणे न बदलणारी मांडणी) द्या.

वीज गेली तरी फाइल राहावी

यूपीएसची बॅटरी कधीच संपलेली आहे आणि बदललेली नाही, असं गृहीत धरूनच लिहायचं. फाइल थेट तिच्या जागी लिहिली तर वीज जाण्याच्या क्षणी ती रिकामी किंवा अर्धी राहते. कधी लांबी बरोबर दिसते आणि आत नुसते शून्य किमतीचे बाइट असतात, कारण एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) आपल्या नोंदींचा हिशोब जर्नलमध्ये ठेवतं, मजकुराचा नाही. म्हणून क्रम असा:

१. फाइल पुन्हा वाचा आणि आपण बदललेल्या ओळीच तिच्यात घाला. दुसरी खिडकी उघडी असेल तर तिने केलेले बदल असे वाचतात.
२. त्याच फोल्डरमध्ये .नवी शेपटीची फाइल लिहा. टेम्पमध्ये नको, ते दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर पुढची अदलाबदल होत नाही.
३. फ्लश, मग एफसिंक, म्हणजे मजकूर खरोखर डिस्कवर उतरतो. डॉटनेटमध्ये फाइलस्ट्रीमचा फ्लश ट्रू देऊन.
४. चालू फाइलची प्रत .जुनी म्हणून ठेवा आणि नवी तिच्या जागी आणा. पायथनमध्ये ओएस.रिप्लेस, डॉटनेटमध्ये फाइल.रिप्लेस प्रतही करतं आणि अदलाबदलही. पण ते आधीची फाइल नसेल तर चूक देतं, तेव्हा पहिल्या वेळी फाइल.मूव्ह वापरा.

अदलाबदलीच्या वेळी अँटीव्हायरसने फाइल धरून ठेवलेली असू शकते. १०० मिलिसेकंद थांबून तीनदा प्रयत्न करा, तरी नाही जमलं तर वापरकर्त्याला सांगा. गप्प बसणारा रिकामा एक्सेप्ट ब्लॉक इथे लिहू नका. 'नुसता विसरतो' ही तक्रार तिथूनच येते.

वाचताना आधी मुख्य फाइल, ती बिघडली असेल तर .जुनी, तीही नसेल तर मूळ मूल्यं. प्रत्येक मूल्य तपासून घ्या: प्रती १ ते ५, अक्षर ८ ते २४. एक मूल्य चुकलं म्हणून सगळी फाइल टाकू नका, तेवढंच मूळ घ्या.

खिडकी, प्रिंटर, पोर्ट, पासवर्ड

खिडकी लहान केलेली असताना प्रोग्रॅम बंद झाला तर विंडोज तिची जागा उणे ३२००० सांगतं. ती तशीच साठवली की दुसऱ्या दिवशी टास्कबारवर प्रोग्रॅम दिसतो, पडद्यावर नाही, आणि फोन येतो 'उघडतच नाही'. विंडोज फॉर्म्समध्ये अशा वेळी रिस्टोअरबाउंड्स साठवा. उघडताना शीर्षकपट्टीचा निदान १०० पिक्सेल भाग एखाद्या जोडलेल्या पडद्यावर येतो का बघा, नाही तर मधोमध उघडा. मालकांनी घरचा दुसरा मॉनिटर काढून लॅपटॉप दुकानात आणला की हे हमखास होतं.

साठवलेला प्रिंटर सापडला नाही तर दुसरा निवडा, पण फाइलमधलं नाव बदलू नका. केबल निघालेली असते. संध्याकाळी जोडली की सगळं पूर्ववत व्हायला हवं. विंडोजच्या डीफॉल्ट प्रिंटरवर विसंबू नका, कारण विंडोज १० पासून ते स्वतःच शेवटचा वापरलेला प्रिंटर डीफॉल्ट करतं, तो पर्याय बंद केला नसेल तर. रिमोट डेस्कटॉपवरून छापत असाल तर प्रिंटरच्या नावापुढे कंसात 'रीडायरेक्टेड' आणि सेशनचा आकडा येतो. तो आकडा पुढच्या वेळी वेगळा असतो, म्हणून कंस वगळून नाव जुळवा.

काट्याची यूएसबी-सीरियल वायर दुसऱ्या खाचेत लावली तर स्वस्त चिपवाल्या वायरचा कॉम क्रमांक बदलतो. साठवलेला पोर्ट उघडला नाही की उपलब्ध पोर्टची यादी लगेच पुढे करा.

पासवर्ड या फाइलमध्ये नको. डॉटनेटमधलं प्रोटेक्टेडडेटा किंवा पायथनची कीरिंग वापरा. ॲडमिनने वापरकर्त्याचा विंडोज पासवर्ड बाहेरून रीसेट केला तर प्रोटेक्टेडडेटाने झाकलेलं पुन्हा उघडत नाही. तेव्हा प्रोग्रॅमने न पडता पासवर्ड नव्याने विचारावा.

दुकानात नेण्याआधी

स्वतःच्या मशीनवर साध्या अधिकारांची दोन नवी विंडोज खाती करा. ॲडमिनच्या खात्यातली चाचणी चाचणी नव्हे. इन्स्टॉलरने प्रोग्रॅम बसवा, पहिल्या खात्यातून प्रिंटर आणि अक्षर बदला, मशीन बंद करून चालू करा, बघा. दुसऱ्या खात्यातून उघडा: अक्षर मूळ दिसलं पाहिजे, काट्याचा पोर्ट मात्र पहिल्याने भरलेला, आणि तो बदलताही आला पाहिजे. आवृत्ती वाढवून पुन्हा बसवा, दोन्ही खाती तपासा. प्रादेशिक मांडणी अमेरिकन करून उघडा. सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये अर्धी कापून उघडा. शेवटी व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रोग्रॅम चालू ठेवून, 'ठीक' दाबल्याबरोबर मशीनच बंद करा, तीन-चार वेळा.

मदतीच्या मेनूत 'सेटिंगचं फोल्डर उघडा' ही एक ओळ घाला. ॲपडेटा हे लपवलेलं फोल्डर आहे. तासगावच्या दुकानातल्या माणसाला फोनवर ते शोधायला लावलं तर अर्धा तास जातो, आणि दारात सौदा चालू असतो.